‘थोडं दुखेल’ : एका वाक्याचे परीक्षण

मराठीत रोज ज्या वाक्यांचा उच्चार होतो त्यांत ‘थोडं दुखेल’ या वाक्याचा क्रमांक बराच वर लागावा. दात काढणारा ते म्हणतो, सुई टोचणारी परिचारिका म्हणते, पोटाचे ऑपरेशन करायला निघालेला सर्जनही तेच म्हणतो. अवघे दोन शब्द. लेखक अज्ञात. आवृत्त्या अगणित. जाडजूड कादंबऱ्यांवर आम्ही पानेच्या पाने टीका लिहितो. पण ज्या वाक्याच्या भरवशावर माणूस आपले पोट दुसऱ्याच्या सुरीखाली देतो, त्या वाक्याचे परीक्षण कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

चकली-अनारशांच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या काकू म्हणतील. काकूंना माझे एवढेच विचारणे आहे की, या वर्षात तुमच्या नात्यागोत्यात कोणाचे ऑपरेशन झालेच नाही काय? आत्याचा गुडघा, मामांचा हर्निया, सुनेचे सिझेरियन, शेजारच्या अण्णांची मूळव्याध — यांतले काही ना काही प्रत्येक घरी झालेले असते. दिवाळीला जमलेल्या मंडळींत निदान एकजण तरी उशीला टेकून, पोटावर हात धरून, जपून हसत असतो. हा लेख त्या हसणाऱ्यासाठी आहे.

मी डॉक्टर नाही आणि पंडितही नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी इयत्ता गेली नाही. दिवसा मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री कादंबरीची चार पाने ओढावीत, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हा मला जे हत्यार चालवता येते तेच चालवतो : वाक्यपृथक्करण.

‘थोडं दुखेल.’ क्रियापद भविष्यकाळी. पण केव्हाचा भविष्यकाळ? आत्ता, आज रात्री, की पंधरा दिवसांनी? स्थळवाचक शब्द नाही. कालावधी नाही. कोणाला दुखणार तेही गाळलेले. ‘तुम्हाला’ हा शब्द घातला असता तर बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. राहता राहिला ‘थोडं’ हा शब्द. तो कोणाच्या मापाने? रोज दहा पोटे उघडणाऱ्याच्या मापाने, की जन्मात एकदाच स्ट्रेचरवर आडवे होणाऱ्याच्या? वर्गात एखाद्या मुलाने असे वाक्य लिहून आणले तर मी त्याला ‘अपुरे’ असा शेरा देतो.

या वाक्याचे एक भावंडही आहे : ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल.’ ही उपमा झाली, आणि उपमेवर टीका करण्याचा हक्क आम्हा लेखकांना परंपरेनेच मिळालेला आहे. या बाबतीत अमेरिकेत बोस्टन येथे झालेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणाच्या वेळी पाठीतून बधिरता घेणाऱ्या १४० स्त्रियांचे दोन गट केले. कातडी बधिर करणारी पहिली सुई टोचताना एका गटाला सांगितले की, या औषधाने जागा बधिर होईल आणि पुढचे तुम्हाला सुसह्य जाईल. दुसऱ्या गटाला सांगितले की, मोठी मधमाशी डसल्यासारखे होईल; सगळ्यांत वाईट भाग तो हाच. सुई तीच, औषध तेच. मग प्रत्येकीला शून्य ते दहा या मापाने वेदना विचारली. पहिल्या गटाचा मधला आकडा तीन आला, दुसऱ्याचा पाच. दोन गुणांचा हा फरक औषधाने केला नाही, मधमाशीने केला. आणि ती मधमाशी केवळ शब्दांतली होती! उपमा ही शोभेची वस्तू आहे असे मानणाऱ्या आमच्या काही टीकाकारांना हा प्रयोग कोणीतरी वाचून दाखवावा.

इथे एखादा चतुर वाचक मला अडवील. ‘मास्तर, मग तुमचे म्हणणे उलटेच सिद्ध झाले. दुखेल असे सांगितल्याने अधिक दुखते. तेव्हा न सांगणेच बरे!’ पुष्कळ डॉक्टरांचेही प्रामाणिक मत असेच असते. रोगी आधीच घाबरलेला. त्याला आणखी कशाला घाबरवा. रात्रीतून उठून गावी निघून जायचा. या आक्षेपाचे उत्तरही बोस्टनमधूनच येते, आणि ते जुने, १९६४ सालचे आहे. एगबर्ट नावाच्या भूलतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर पोटाची ऑपरेशने झालेले ९७ रोगी पाहिले. काहींना नेहमीप्रमाणे भुलेची माहिती दिली, पुढच्या दुखण्याबद्दल अवाक्षर नाही. बाकीच्यांपाशी भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी बसला. कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल हे त्याने सांगितले. टाक्याखालचे स्नायू आवळले जातात म्हणून दुखते, तेव्हा ते सैल कसे सोडायचे, कुशीवर कसे वळायचे, हे शिकवले. आणि एवढे करून सोसवेना तर औषध मागा, असे बजावले. ऑपरेशननंतरही तो त्यांना भेटत राहिला. कोणता रोगी कोणत्या गटातला हे सर्जनांना ठाऊक नव्हते. निकाल असा लागला की, ज्यांना सांगितले होते त्यांना अफूच्या जातीची वेदनाशामके निम्मीच लागली आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी जाण्याजोगे झाले.

आता ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. मधमाशीवाल्यानेही दुखण्याबद्दल सांगितले आणि एगबर्टनेही सांगितले. पण मधमाशीवाला केवळ भिववून मोकळा झाला. एगबर्टने दुखण्याला जागा दिली, मुदत दिली, कारण दिले आणि रोग्याच्या हाती काहीतरी काम दिले. हा फरक सांगणे-न सांगणे यांतला नव्हे. सूचना आणि तयारी यांतला आहे. परीक्षा अवघड आहे असे म्हणून मुलाला पाठवणारा मास्तर आणि तिसरा प्रश्न लांब असतो, त्याला वीस मिनिटे राखून ठेव म्हणणारा मास्तर, असे हे दोन मास्तर आहेत. आमची ‘थोडं दुखेल’वाली मंडळी या दोहोंतही बसत नाहीत, ती म्हणतात, परीक्षा सोपी आहे. त्यांच्यावर मुलाचा विश्वास पहिल्या प्रश्नपत्रिकेपर्यंतच टिकतो.

विश्वास गेला की काय होते ते मी आमच्या वहिनींच्या बाबतीत पाहिले. पित्ताशयात खडे झाले म्हणून दुर्बिणीने ऑपरेशन झाले. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. रुग्णालय चांगले होते, ऑपरेशनही उत्तम झाले. दुसऱ्या रात्री मी सोबतीला होतो. दोनच्या सुमारास वहिनी उठून बसल्या. पोटाची चार छिद्रे बाजूलाच राहिली, त्यांचा उजवा खांदा ठणकत होता. ‘भाऊजी, खांदा निखळल्यावानी होतंय बघा. हे काळजाचं तर नसंल?’ त्यांच्या वडिलांना झटका आला तेव्हा हातच दुखला होता. ते त्यांच्या मनातून जाईना. श्वास घेतला की कळ वाढे म्हणून त्या श्वासच चोरू लागल्या. मी धावत जाऊन परिचारिकेला आणले. पंचविशीतली मुलगी. ती शांतपणे म्हणाली, ‘मावशी, ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला गॅस भरतात. त्याने श्वासाच्या पडद्याला त्रास होतो, आणि त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच वाटेनं जाते. म्हणून दुखणं पोटातलं आणि ओरडतो खांदा. दोन-तीन दिवसांत जाईल. जरा उठून चार पावलं चाला.’ वहिनींनी तिच्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, ‘मंग हे काल सांगितलं असतं तर, बाई?’

खांदा त्यानंतरही दुखतच होता. पण त्या झोपल्या.

या प्रसंगात मला जे महत्त्वाचे वाटते ते असे की, त्या मुलीने दुखणे कमी केले नाही. तिने त्याचा अर्थ बदलला. बीचर नावाच्या दुसऱ्या भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झालेल्या सैनिकांना वेदनेचे औषध हवे का म्हणून विचारले, तर बहुतेकांनी नको म्हटले. त्याने १९४६ साली त्याचे कारण मांडले : त्या जखमेचा सैनिकाच्या लेखी अर्थ ‘सुटलो, आता घरी जायचे’ असा होता. दिवाणखान्यातून उठून रुग्णालयात गेलेल्या माणसाच्या जखमेचा अर्थ नेमका उलटा असतो. त्यातून त्या जखमेबद्दल कोणी काही सांगितले नसेल तर प्रत्येक कळ ही त्याला ‘काहीतरी बिघडले’ अशी वर्दी वाटते. मग तो हलत नाही, खोकत नाही, पूर्ण श्वास घेत नाही. न खोकल्याने कफ छातीत साचतो, न हलल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचे भय वाढते. म्हणजे न सांगितलेला एक शब्द हळूहळू फुप्फुसापर्यंत जाऊन पोचतो.

ऑपरेशनपूर्वी सही घेतात ते संमतीपत्रकही मी वाङ्मय म्हणून वाचून पाहिले आहे. त्यात रक्तस्राव आहे, जंतुसंसर्ग आहे, मृत्यूदेखील आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, उपचार कशासाठी, त्याची पद्धत कोणती, धोके कोणते, दुसरे मार्ग कोणते आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे कळल्यावाचून दिलेली संमती ही संमती नव्हे. फार मोलाचा निकाल. पण यातली गंमत पाहा. पत्रकात जे घडण्याचा संभव आहे ते सगळे लिहिलेले असते. जे हमखास घडणार आहे ते मात्र मावत नाही. दुखणे हा धोका नव्हे, ते ठरलेलेच आहे; आणि ठरलेले आहे म्हणूनच ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. मरणाची शक्यता लिहून द्यायची आणि उद्या सकाळी खोकताना काय होईल ते सांगायचे नाही, असा हा मजकूर आहे.

हे आजचेच नव्हे. वैद्यकाचा सारा पराक्रम भूल देण्यापाशी एकवटलेला दिसतो. (भूल! काय सुंदर शब्द आहे. मोहिनीही तीच, विसरही तोच.) १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्येच मॉर्टनने ईथर देऊन दाखवला. आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन कमिशने बसली. तिथले डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहावरून निजामाने पदरचे हजार पौंड देऊन ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकपत्राचा प्रतिनिधी बोलावला. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, याचा शेकडो प्राण्यांवर शोध घेतला. श्वासावर नजर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. हृदयाला भय नाही हे त्याचे म्हणणे पुढे पुरते टिकले नाही, पण खटाटोप जगात गाजला. भुलीतून जाग्या झालेल्या माणसाने ती रात्र कशी काढावी, यावर मात्र कोणत्या नबाबाने कमिशन नेमले नाही.

सुश्रुताचे तसे नव्हते. शस्त्र लावण्यापूर्वी रोग्याला जेवू घालावे आणि मद्य पिणाऱ्याला कडक मद्य द्यावे, म्हणजे त्याला शस्त्र जाणवणार नाही, हे तो सांगतोच. पण व्रणाच्या प्रकरणात तो वेदनांची जी यादी देतो ती वाचून मी थक्क झालो. तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन, निर्दहन, स्फोटन... टोचणारी वेगळी, घुसळणारी वेगळी, भाजणारी वेगळी. त्यात ‘चुमचुमायन’ असाही एक शब्द आहे. तो उच्चारताच आपल्या चुणचुणण्याची आठवण होते. दुखणाऱ्याच्या उशाशी बसून, कान देऊन ऐकल्याशिवाय असा शब्द हाती येत नाही.

आणि आमची मराठी! एवढी श्रीमंती पदरी असून आम्ही ‘थोडं’ आणि ‘खूप’ या दोन नाण्यांवर संसार चालवतो. गळवाची ती ठसठस. हाडाचा तो ठणका. पोटाची कळ, पाठीची चमक, दाताची सणक, डोक्याची तिडीक. ओरखड्यावर पाणी पडले की चुरचुरते, तिखट लागले की झोंबते. काटा बाहेर दिसतो तेव्हा बोचतो, आत राहिला की सलतो. टाके भरत आले की कातडी हुळहुळते आणि पायऱ्या चढून मांड्यांना रग लागते. परवा एका वस्तीवरच्या आजीने मला ‘दुखत नाही, नुसतं ओढतंय’ असे सांगितले; कोणत्याही डॉक्टरला तेवढ्या एका क्रियापदावरून अर्धे निदान करता यावे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली कॅनडात वेदनेची प्रश्नावली तयार केली, तेव्हा त्यांनी वेदनेचे ७८ शब्द जमवून त्यांचे वीस गट केले. आमच्या खेड्यातल्या दोन बायका ओट्यावर बसल्या तर दिवेलागणीपर्यंत तेवढे शब्द सहज निघतील.

पण रुग्णालयात विचारतात काय? ‘शून्य ते दहामध्ये किती?’ हे माप निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. सकाळी आठ होते, संध्याकाळी चार झाले, हे कळायला आकडा बरा. मात्र आपल्याकडे आकडा म्हटला की मार्कांची आठवण होते. कित्येक भिडस्त माणसे ‘पाच’ म्हणतात, कारण पाच म्हणजे पास. दहा म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटते आणि शून्य म्हणणे खोटेपणाचे. बायका तर हटकून दोन कमीच सांगतात. सिझेरियन झालेली मुलगी दात आवळून ‘ठीक आहे’ म्हणते आणि तिची सासू कौतुकाने म्हणते, ‘आमची सून भारी सोशीक!’ सोशीक या विशेषणाने आमच्या घरांतून जेवढी दुखणी लपवली तेवढी कुलपांनीही लपवली नसतील.

साहित्यिकांनाही यातून सुटका नाही. मराठी कादंबरीतले आणि चित्रपटातले ऑपरेशन आठवून पाहा. दारावरचा तांबडा दिवा, येरझारा घालणारा बाप, देव्हाऱ्यापुढची आई. मग दिवा विझतो, डॉक्टर कपाळ पुसत बाहेर येतात, ‘ऑपरेशन यशस्वी झालं!’ — आणि पुढच्या प्रकरणात नायक आरामखुर्चीत. मधले दहा दिवस कुठे गेले? लेखकाने ते गाळले, कारण त्यात नाट्य नाही. पण रोग्याचे ऑपरेशन तांबडा दिवा विझल्यावर सुरू होते! तो तांबड्या दिव्याखाली होता तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हते.

खऱ्या इतिहासातही आपण हेच करतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे आंत्रपुच्छ काढले. गांधीजी तेव्हा कैदी होते. आपला या डॉक्टरांवर विश्वास आहे, अशा अर्थाचे निवेदन श्रीनिवास शास्त्र्यांनी लिहून घेतले आणि गांधीजींनी कापत्या हाताने त्यावर सही केली. या देशातले सर्वांत प्रसिद्ध संमतीपत्रक म्हणावे लागेल ते. ऑपरेशन चालू असताना वीज गेली, हातातली बॅटरीही विझली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात झाले. हा कंदील सर्वांना ठाऊक आहे. मी स्वतः तो वर्गात कितीदा तरी पेटवला आहे. पण पुढे जखमेपाशी पू झाला, प्रकृती अपेक्षेपेक्षा सावकाश सुधारली आणि ५ फेब्रुवारीला सुटका झाली तरी माणूस अंथरुणालाच होता, हे कोण सांगतो? कंदिलाची एक रात्र गोष्टीत जमा झाली आणि बिनकंदिलाच्या तीन आठवड्यांच्या रात्री वगळल्या गेल्या.

टीकाकाराने नुसती मोडतोड करू नये, असे जुने लोक म्हणत. तेव्हा ‘थोडं दुखेल’ या वाक्याची माझी सुधारलेली प्रत देतो. हर्नियाचे ऑपरेशन करून घेणारा पैठणकडचा कोणी शेतकरी समोर आहे असे धरू. ‘काका, आज कमरेखाली बधिर राहील, दुपारपर्यंत काही कळणार नाही. संध्याकाळी बधिरता उतरली की दुखू लागेल. तेव्हा घाबरायचं नाही, पण वाटही बघायची नाही, लागलीच सिस्टरला सांगायचं. उद्या पहिल्यांदा उठताना सगळ्यांत जास्त ओढेल. खोकला आला तर दाबू नका. उशी घट्ट धरा आणि खोका, टाका काही उसवत नाही. चार दिवसांनी ठणका जाऊन नुसती हुळहुळ राहील. औषध घेऊनही दुखणं दिवसेंदिवस वाढतच गेलं, ताप आला किंवा जागा लाल होऊन सुजली, तर मात्र ते नेहमीचं नव्हे. तसेच उठून या.’ दिवसांचा आकडा डॉक्टरने आपल्या रोग्याप्रमाणे बदलावा. मी हे घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिले. अर्धे मिनिट लागते. सावकाश वाचले तर पाऊण.

एवढा वेळ कोणाला आहे, हा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली सुरू झालेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सगळा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, तिथे सकाळी जाऊन उभे राहावे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली माणसे, हातात डबा, काखेत सतरंजी. त्या गर्दीत मान वर करायला सवड नसलेल्या तरुण डॉक्टराला वाक्यरचनेचे धडे देण्याचा निर्दयपणा मी करणार नाही. शिवाय गोळीने न भागणाऱ्या दुखण्याची अडचण शब्दांच्या पलीकडची आहे. सरकारच्या परवान्याने अफू पिकवणाऱ्या या देशात १९८५ च्या कायद्याने मॉर्फीन इतके बंदोबस्तात ठेवले की ते गरजवंतालाही मिळेना. कायदा सैल व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

पण त्या सतरंजीवरच्या माणसांकडे पाहिले की वाटते, आदल्या संध्याकाळी हे वाक्य डॉक्टरनेच बोलले पाहिजे असे थोडेच आहे? वॉर्डात पाचव्या दिवसाचा रोगी असतोच. शेजारच्या खाटेवर उद्याचा रोगी भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. वहिनींच्या वॉर्डात घरी निघालेल्या एका बाईने आपली बोचकी बांधता बांधता नव्या आलेल्या मुलीला सांगितलेले मी ऐकले : ‘पयल्या रातीला लई ठणकतं गं. दुसऱ्या दिशी कमी. तिसऱ्या दिशी मी भाकर खाल्ली.’